मोटारसायकलचे कवच : घरी बदलताना



व्याख्यानमालेत मोटारसायकलच्या प्लास्टिकवर बोलायला कोणी उभा राहिला, तर आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण आज आपल्या शहरात असा वाडा किंवा अशी चाळ विरळाच, की जिच्या अंगणात एखादी फटफटी उभी नाही. आणि ज्या घरात विशी-पंचविशीचा मुलगा किंवा मुलगी आहे, तेथे ती फटफटी बहुधा वाऱ्याला कापत जाणाऱ्या, पुढे झुकलेल्या, अंगभर कवच घातलेल्या जातीची असते. अशी गाडी एकदा ओल्या रस्त्यावर घसरली, की इंजिनाला फारसे काही होत नाही. पण कवच मात्र फुटते. कंपनीचे मूळ कवच घ्यावे तर खर्च फार. मग बाहेरच्या कारखान्यात तयार झालेला, त्याच घडणीचा, रंगवलेला संपूर्ण संच स्वस्तात मिळतो. खोके घरी येते आणि रविवारच्या सकाळी मुलगा पाने घेऊन अंगणात बसतो.

हे काम घरी करता येते काय? येते, हे माझे पहिले उत्तर. परंतु लोकांना वाटते त्या पद्धतीने नव्हे, हे दुसरे. लोकांना वाटते, जुने काढायचे, नवे लावायचे आणि स्क्रू आवळायचे. वस्तुतः स्क्रू आवळणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. खरे काम दोन ठिकाणी आहे : कवच उतरल्यावर आतली गाडी तपासणे, आणि नवे कवच जोर न लावता तिच्यावर बसवणे. पहिले चुकले तर जिवावर बेतू शकते. दुसरे चुकले तर पैसा पाण्यात जातो. आजचे विवेचन या दोन गोष्टींभोवतीच आहे.

कवच कशासाठी?

ज्याला इंग्रजीत फेअरिंग म्हणतात, त्याला आपल्या गॅरेजांत सरसकट ‘फायबर’ म्हणतात. हे कवच शोभेसाठी आहे असा समज आहे. त्याचा जन्म मात्र शर्यतीच्या मैदानावर, वाऱ्याशी झालेल्या झुंजीतून झाला. १९५० नंतरच्या दशकात युरोपातील शर्यतींत गाडीचे पुढचे चाकसुद्धा पूर्ण झाकणारी मोठी पत्र्याची कवचे आली. त्यांच्या आकारावरून इंग्रज लोक त्यांना ‘डस्टबिन’, म्हणजे कचऱ्याचा डबा, म्हणत. इटलीतील मोटो गुझ्झी कंपनीने तर मांडेल्लो देल लारियो या गावी आपल्या कारखान्यात वाऱ्याचा बोगदा बांधून अशा कवचांचे प्रयोग केले. वेग वाढला खरा. पण बाजूने वाऱ्याचा झोत आला, की एवढे मोठे शीड घेऊन धावणारी गाडी सावरणे कठीण होई. शेवटी १९५७ चा हंगाम संपल्यावर आंतरराष्ट्रीय संघटनेने ही कवचे बंद केली. पुढच्या चाकाला मोकळे सोडणारी, डॉल्फिन माशाच्या नावाने ओळखली जाणारी कवचे त्यानंतर रूढ झाली. आजच्या गाड्यांवर दिसते ते त्यांचेच वंशज.

रस्त्यावरच्या गाडीला हे अंगरखे नंतर मिळाले. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस ही गाडी पूर्ण कवचासह विक्रीला आणली. तिच्या कवचाचा आकार इटलीतल्या पिनिनफारिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात ठरला होता. १९८५ मध्ये सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० आली आणि शर्यतीची गाडी जवळजवळ जशीच्या तशी सामान्य ग्राहकाच्या हाती पडली. आपल्या देशात २००३ मध्ये हिरो होंडाच्या करिझ्माने अर्धे कवच घराघरांत पोहोचवले. २००८ मध्ये यामाहाची आर १५ पूर्ण कवच घालून आली. आणि २०१४ मध्ये बाजारात आलेल्या केटीएमच्या आरसी जातीच्या गाड्या तर आपल्या चाकणच्याच कारखान्यात घडल्या. तात्पर्य, हा विषय आता आपल्या अंगणातला आहे.

कवच नेमके किती काम करते, ते थोड्या गणिताने पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर दाब चौपट. ताशी ५० किलोमीटर वेगाला, समोरून वारा अडवणाऱ्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १२ किलो वजनाइतका दाब येतो. ताशी १०० ला तो सुमारे ४७ किलो होतो. अंगणात उभ्या गाडीवर एखादा तुकडा सैल राहिला तर तो नुसता खुळखुळतो. तोच तुकडा हमरस्त्यावर ताशी १०० च्या वाऱ्यात सापडला, तर त्याला उचकटण्यासाठी जणू कोणी सतत ओढत असते. सुटलेला तुकडा चाकात गेला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून कवच बसवणे हे रंगकाम नव्हे. ते यंत्रकाम आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. साध्या मोटारसायकलीत दिवा हँडलबरोबर वळतो. पूर्ण कवचाच्या गाडीत तसे नसते. तेथे कवच, त्यातला दिवा आणि बहुधा आरसेही गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात, आणि हँडल त्या कवचाच्या आत वळते. म्हणजे वळणाऱ्या आणि न वळणाऱ्या भागांत एक फट राखावी लागते. ही फट या कामाचा प्राण आहे. तिच्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

बाजारातला संच मूळासारखा का बसत नाही?

मूळ कवच बहुतेक वेळा एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असते. ‘फायबर’ हे नाव काचतंतूंच्या कवचांवरून रूढ झाले असावे. शर्यतीसाठी ती अजूनही वापरतात. पण रस्त्यावरच्या गाडीचे तुटलेले ‘फायबर’ बहुधा एबीएसच असते. हे प्लास्टिक वितळवून, पोलादी साच्यात प्रचंड दाबाने भरतात. निवताना ते आक्रसते. हजार भागांत चार ते सात भाग. ८० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेतला तर तो साच्यात असताना होता त्यापेक्षा तीन ते साडेपाच मिलिमीटर लहान होतो. साचा बनवणारा हे जाणून साचा तेवढा मोठा करतो. परंतु साचा किती गरम होता, दाब किती वेळ धरला, तुकडा किती लवकर बाहेर काढला, यांवर आक्रसणे थोडे थोडे बदलते. मूळ कारखाना या सर्वांवर करडी नजर ठेवतो. बाहेरचा कारखाना मूळ तुकड्याचे माप घेऊन साचा करतो आणि स्वस्तात विकायचे म्हणून नजर थोडी सैल सोडतो. मग एखादे भोक दीड-दोन मिलिमीटर बाजूला जाते.

त्यातही दोन प्रकार आहेत. पहिला आता सांगितला तो, वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरण्याचा. दुसरा, तापवून मऊ केलेला पत्रा साच्यावर दाबून काढण्याचा. दुसऱ्या प्रकारात आतल्या बाजूच्या खुंट्या, खाचा, कडांच्या जिभा नीट उठत नाहीत. त्या पुष्कळदा मागून चिकटवलेल्या असतात. घरी बसवायचे असेल तर पहिल्याच प्रकारचा संच घ्यावा, आणि तसे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे.

तापमानाचाही यात हात आहे. एबीएस उन्हाने पुष्कळ फुगते. ॲल्युमिनियमच्या सुमारे तिपटीहून अधिक. सकाळचे २० अंश आणि उन्हात उभ्या गाडीचे ६० अंश, असा ४० अंशांचा फरक धरला, तर ८० सेंटिमीटरचा प्लास्टिकचा तुकडा सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा पाऊण मिलिमीटर. उरलेला पावणेदोन मिलिमीटर कोठे जाणार? तो मावावा म्हणूनच मूळ कवचाची भोके बोल्टपेक्षा मोठी असतात, त्यांत रबरी बुश असतो, आणि रबराच्या आत धातूची छोटी नळी असते. बोल्ट आवळला की तो नळीवर टेकतो, प्लास्टिकवर नव्हे. प्लास्टिक रबरात थोडेसे हलू शकते. हे बुश आणि या नळ्या स्वस्त संचात बहुधा नसतात. त्या जुन्या कवचातून काढून नव्यात घालाव्या लागतात. ज्यांनी जुने कवच रागाने कचऱ्यात टाकले, त्यांनी संचाचा अर्धा जीव टाकून दिला असे समजावे.

खरेदीपूर्वी

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : नवे कवच खरेच हवे काय? एबीएसला नुसती चीर गेली असेल तर ते सांधता येते. त्याच प्लास्टिकचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची खळ करतात आणि आतल्या बाजूने जाळी ठेवून ती चिरेवर भरतात. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. खुंट्या शाबूत असलेले मूळ कवच सांधून वापरणे हे पुष्कळदा चकचकीत नव्या संचापेक्षा शहाणपणाचे असते.

घ्यायचेच ठरले तर गाडीचे नाव पुरेसे नाही, वर्ष पाहिजे. सुझुकीच्या जीएसएक्स-आर ६०० आणि ७५० या दोन गाड्यांचे २००६ व २००७ सालचे कवच एकच आहे. पण २००८ च्या गाडीला ते लागत नाही. होंडाच्या सीबीआर ६०० आरआरचे २००३-०४ चे कवच वेगळे आणि २००५-०६ चे वेगळे. आपल्याकडच्या आर १५ चेही तसेच. २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचे अंग आधीच्या गाड्यांहून निराळे आहे. तेव्हा नोंदणीपत्रावरचे उत्पादनाचे वर्ष पाहूनच मागणी करावी. खोके आले की गाडीला हात लावण्यापूर्वी सर्व तुकडे सतरंजीवर मांडावेत, जुन्या कवचाशी एकेक ताडून पाहावेत. एकदा भोक पाडले किंवा कानस लावली, की विकणारा माल परत घेत नाही.

उतरवणे

लागणारी हत्यारे थोडी आहेत : षट्कोनी ॲलन पान्यांचा संच (त्यांतले चार आणि पाच मिलिमीटरचे सर्वांत जास्त लागतात), छोटे सॉकेट, चांगला स्क्रूड्रायव्हर, बारीक गोल कानस, आणि प्लास्टिकची चपटी पट्टी. जपानी गाडीवरच्या चौफुली स्क्रूची खाच बाजारातल्या नेहमीच्या फिलिप्स टोकाहून किंचित निराळी असते. चुकीचे टोक लावून जोर केला की खाच झिजते आणि स्क्रू जन्माचा अडकतो. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर जपानी मापाचेच टोक वापरावे.

गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर उभी करावी, इंजिन निवू द्यावे. उतरवण्यापूर्वी गाडी भिंतीसमोर एका ठरलेल्या अंतरावर ठेवून दिव्याचा झोत कोठे पडतो, तेथे खडूने रेघ मारून ठेवावी. शेवटी ती उपयोगी पडेल. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यावे. स्क्रू मात्र वाटीत टाकू नयेत. एका पुठ्ठ्यावर गाडीची डावी-उजवी बाजू ओबडधोबड रेखाटावी आणि ज्या जागचा स्क्रू काढला, त्याच जागी तो पुठ्ठ्यात टोचावा. हा पोरखेळ नव्हे. कवचाचे बोल्ट दिसायला सारखे असले तरी लांबीला निराळे असतात. आखूड जागी लांब बोल्ट गेला, तर त्याचे टोक आत रेडिएटरला भोक पाडू शकते किंवा तारांचे वेष्टन सोलून काढू शकते.

साधारणतः आधी बाजूचे आणि पोटाखालचे तुकडे, मग आरसे, आणि शेवटी नाक, असा उतरवण्याचा क्रम असतो. पुष्कळ गाड्यांत आरशांचे बोल्टच नाकाचा तुकडा आधाराला धरून ठेवतात. सर्व स्क्रू काढूनही तुकडा सुटत नसेल, तर ओढू नये. कोठेतरी एक स्क्रू किंवा प्लास्टिकची खुंटी राहिली आहे, असे समजावे. बहुतेक तुकडे कडेच्या जिभांनी एकमेकांत अडकवलेले असतात. त्या ज्या दिशेने गेल्या त्याच दिशेने बाहेर येतात. तुकडा मोकळा झाला तरी लगेच दूर नेऊ नये. मागे इंडिकेटरची तार असते.

उघड्या गाडीपाशी थांबा

आता गाडी उघडी आहे. आणि येथे, श्रोतेहो, मी आपणांस थांबायला सांगतो. नव्या कवचाची घाई सर्वांत जास्त याच क्षणी होते. आणि सर्वांत मोठा धोकाही येथेच असतो. कवच फुटले ते का फुटले? गाडी पडली म्हणून. पडण्याचा धक्का कवचाने काही प्रमाणात सोसला. उरलेला कोणी सोसला, हे पाहण्याची संधी पुन्हा लवकर येणार नाही. नवे कवच सर्व दोष झाकील, आणि इतके सुंदर झाकील की मालकालाही आपली गाडी धडधाकट वाटेल.

म्हणून क्रमाने पाहावे. नाकामागे दिवा, आरसे आणि घड्याळे पेलणारा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा आधार असतो. तो समोरून आणि वरून पाहून सरळ आहे काय? मध्यापासून दोन्ही आरशांच्या जागांचे अंतर फूटपट्टीने मोजावे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळल्यावर जेथे अडते, ती टेकणी वाकली किंवा तुटली आहे काय? पुढच्या फोर्कच्या नळ्या समांतर आहेत काय? रेडिएटरला पोचा किंवा ओल? ब्रेकच्या नळ्या कोठे घासल्या, पिळल्या आहेत काय? इंजिनाच्या बाजूच्या झाकणाला केसाएवढी चीर, तिच्याखाली तेल? सांगाड्यावर जेथे धातू जोडला आहे तेथे रंगाला तडा?

आधार वाकलेला असेल तर नवा आधार आणावा. तो तुलनेने स्वस्त असतो. पण टेकणी तुटली, फोर्क वाकला, सांगाड्याला तडा गेला, तर घरचे काम तेथेच थांबवावे. गाडी तशीच उघडी जाणत्या कारागिराकडे न्यावी, आणि ती चालवत नव्हे, टेम्पोत घालून. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारावा : “झाकण्यापूर्वी आत काय पाहिलेस?” उत्तर नीट आले तर बाकीचे काम त्याच्यावर खुशाल सोडावे.

बसवणे

प्रथम जुन्या कवचातून रबरी बुश, नळ्या, पत्र्याचे चिमटी-नट, जाळ्या आणि हवेच्या नळ्या काढून नव्यात घालाव्यात. काचेच्या जागी रबरी नट असतात. त्यांत पितळेचे आटे असतात आणि बोल्ट आवळला की रबर मागे फुगून पकड घेते. वाळून कडक झालेले रबर बदलावे. सायलेन्सरच्या नळीजवळ येणाऱ्या भागाला आतून उष्णता परतवणारा चंदेरी पत्रा चिकटवावा. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते, आणि इंजिनातून निघणारी नळी त्याहून कितीतरी जास्त तापते.

मग नाक, काच, बाजू, पोट, शेपूट असे सर्व तुकडे गाडीवर नुसते टांगावेत. प्रत्येक बोल्ट बोटांनी दोन-तीन आटे फिरवावा, आणि सोडून द्यावा. सर्व बोल्ट आपापल्या जागी शिरेपर्यंत एकही आवळू नये. हा या कामाचा मुख्य नियम आहे. पंगतीत सर्व मंडळी बसेपर्यंत पाट थोडे मागे-पुढे सरकवता येतात; पहिल्या चौघांनी पाय पसरून मांड्या ठोकल्या, की शेवटच्याला जागा उरत नाही. पहिलाच बोल्ट घट्ट केला तर त्याच्या वाट्याची सर्व चूक पुढच्या भोकावर ढकलली जाते, आणि शेवटचे भोक पाच मिलिमीटर दूर दिसू लागते. मग लोक तुकडा ओढून, दाबून बोल्ट घालतात. तुकडा त्या दिवशी बसतो. पण त्याच्यातला ताण जात नाही. महिनाभर उन्हा-थंडीत आणि हादऱ्यांत तो ताण भोकाच्या कडेला जमतो आणि तेथून चीर निघते.

सर्व बोल्ट सैल बसल्यावरही एखादे भोक दीड-दोन मिलिमीटर चुकत असेल, तर ती साच्याची तूट आहे. गोल कानशीने भोक त्या दिशेला थोडे लांबट करावे आणि वर रुंद वॉशर घालावा. तूट पाच मिलिमीटर किंवा अधिक असेल तर कानस खाली ठेवावी. एवढी चूक बहुधा कवचाची नसते. आधार वाकलेला असतो, एखादी जीभ खाचेत गेलेली नसते, किंवा संच दुसऱ्याच वर्षाचा असतो. मागे जाऊन कारण शोधावे. कानशीने खरा दोष नाहीसा होत नाही, दिसेनासा होतो.

सारे जुळले की नाकाच्या मध्यापासून मागे, डावी-उजवी आलटून पालटून आवळत जावे. बोल्ट नळीवर टेकला की थांबावे. छोटा पाना दोन बोटांत धरून जेवढा जोर लागतो तेवढा पुरे. बोल्ट सुटू नये म्हणून काहीजण आट्यांना चिकट द्रव लावतात. धातूत धातू जेथे जातो तेथे तो ठीक. पण तो एबीएसवर ओघळला तर प्लास्टिकला आतून तडे पाडतो. पेट्रोल आणि ब्रेकचे तेलही या प्लास्टिकचे शत्रूच. साफ करायला साबणाचे पाणी पुरे आहे.

परीक्षा

मघाशी ज्या फटीचा उल्लेख केला, तिची परीक्षा आता. हँडल डावीकडे आणि उजवीकडे अगदी शेवटपर्यंत वळवावे. मूठ, तिला धरलेली बोटे, ब्रेकचा आणि क्लचचा दांडा, यांपैकी काहीही कवचाला किंवा काचेला लागता कामा नये. तार किंवा नळी कोठे चिमटत नाही ना, हे एकाने हँडल वळवत असता दुसऱ्याने दिवा घेऊन पाहावे. मग बॅटरी जोडून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दारे-खिडक्या बंद नसलेल्या जागी इंजिन चालू करावे आणि हँडल पुन्हा दोन्हीकडे वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर थ्रॉटलची तार ताणली जात आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नये. हँडल वळवताना गाडी आपणहून वेग घेते, किंवा अरुंद जागी वळताना मूठ कवचात अडते, ही दोन्ही संकटे नेमकी अशा वेळी येतात, की जेव्हा समोर माणसे असतात.

त्यानंतर पुढचा ब्रेक दाबून गाडीचे नाक जोराने खाली दाबावे. चाक किंवा मडगार्ड पोटाच्या तुकड्याला लागता कामा नये. सायलेन्सरच्या नळीपासून प्लास्टिक निदान बोटभर दूर हवे. इंडिकेटर, हॉर्न, दिवा, सर्व चालवून पाहावेत. गाडी पुन्हा त्याच भिंतीसमोर त्याच जागी आणून झोत खडूच्या रेघेशी जुळवावा. दोन बोटे वर गेलेला झोत समोरच्या स्वाराला आंधळा करतो. पहिली फेरी गल्लीतल्या गल्लीत, सावकाश. मग थोड्या वेगात. इंजिन पूर्ण तापेपर्यंत थांबून पंखा सुरू होतो ना, आणि त्याची गरम हवा बाहेर पडते ना, हे पाहावे. सुमारे शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत. प्लास्टिक आणि रबर थोडे बसते, आणि जो बोल्ट सैल व्हायचा तो बहुधा याच काळात होतो.

कायद्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात मालकाला परस्पर करता येत नाही. गाडीच्या रंगाची नोंद त्या पत्रात असते. बाजारातले संच शर्यतीच्या संघांचे भडक रंग घेऊन येतात. काळ्या गाडीवर निळे-पिवळे कवच चढवायचे असेल तर आधी परिवहन कार्यालयात जावे; नाहीतर मूळच्याच रंगाचा संच मागवावा. क्रमांकाची पाटी, मागचा दिवा आणि इंडिकेटर जेथे होते तेथेच, तसेच दिसले पाहिजेत.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा गाडी गॅरेजात दिली तर काय वाईट? काहीच वाईट नाही. चांगला कारागीर हेच सर्व करतो, आणि त्याची मजुरी त्याने मिळवलेली असते. परंतु ज्याने एकदा स्वतःच्या हाताने कवच उतरवले, त्याला त्यामागची गाडी माहीत होते. कोठून तार जाते, कोठे नळी वळते, कोणता आवाज नवा आहे, हे त्याला कळू लागते. आणि गॅरेजात गाडी दिली तरी तो कारागिराला योग्य तो प्रश्न विचारू शकतो. यंत्रावर रोज जीव सोपवायचा आणि त्याच्या पोटात काय आहे हे कधी पाहायचे नाही, ही सवय आपल्याला सोडावी लागेल. दोन रविवार त्यासाठी फार नाहीत. पहिला रविवार उघडण्यात आणि पाहण्यात घालवावा. बसवण्याचे काम दुसऱ्या रविवारी करावे. ज्यांनी या दोन रविवारांमध्ये एक आठवडा जाऊ दिला, त्यांना वाकलेला आधार बदलायलाही सवड मिळते आणि उतावळेपणाही ओसरतो.